एका वेळी एकच बदल

कमी खर्चात घराला नवं रूप कसं द्यावं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. नुसतं उत्तर नव्हे, पद्धत होती!

लोक काय करतात? सुट्टीच्या दिवशी बाजारात जातात. उशांचे अभ्रे, एक आरसा, दोन कुंड्या, पडदे बांधायच्या दोऱ्या असं सगळं एकदम आणतात, एकदम लावतात आणि सोफ्यावर टेकून म्हणतात, "छान दिसतंय, नाही?" आता मला सांगा, छान कशामुळे दिसतंय? अभ्र्यांमुळे की आरशामुळे? की ते दोन्ही वाईट आहेत आणि कुंडीने सावरून घेतलंय? काही कळायला मार्ग नाही!

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एकवीस वर्षं. तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि काय घडतं ते तारखेसकट लिहायचं. जे पाण्याला लागू, ते बैठकीच्या खोलीला का लागू असू नये?

तेव्हा मी ठरवलं, दर चार दिवसांनी एक बदल करायचा. छोटा आणि स्वस्त. आणि घरात कुणाला सांगायचं नाही! सांगितलं की माणसं भिडेखातर "छान" म्हणतात आणि सगळा प्रयोग नासतो.

निरीक्षणासाठी घरात दोन माणसं उपलब्ध होती. पहिला, माझा नवरा. तो वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढणं हे त्याचं काम. पानभर मजकुरातलं एक निसटलेलं टिंब त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. मात्र कागदावर नसलेली कुठलीही गोष्ट त्याला दिसत नाही. लग्नानंतर मी एकदा केस खांद्यापर्यंत कापून आले होते, तर तो म्हणाला, "आज लवकर आलीस!"

दुसऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. वय अडुसष्ट. टेलिफोन केंद्रात तेहतीस वर्षं नोकरी केलेली. शहरातले अडीचशे क्रमांक त्यांना तोंडपाठ होते आणि अजूनही आहेत, जरी त्यातली निम्मी दुकानं बंद पडली आणि निम्मी माणसं निवर्तली. रोज सकाळी सातला त्या स्वतःची निळी स्कूटर काढून पोहायला जातात, येताना भाजी आणतात, वाटेत दोघा-तिघांना त्यांच्या चुका सांगतात आणि नऊला घरी हजर. आईंच्या नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडात काही राहत नाही. याहून संवेदनशील उपकरण मला मिळालं नसतं.

दोन तारखेला, सोमवारी, मी पहिला बदल केला. सोफ्यावरच्या उशांचे पिवळे अभ्रे काढून शेवाळी हिरवे घातले. सहा तारखेला उभा दिवा सोफ्याच्या उजवीकडून डावीकडे नेला आणि त्याला कागदी टोपी घातली. दहाला खिडकीसमोर गोल आरसा लावला. चौदाला किल्ल्यांची फळी दारामागून काढून चपलांच्या कपाटाशेजारी टांगली. प्रत्येक वेळी वहीत तारीख, बदल आणि घरच्यांचा प्रतिसाद.

प्रतिसादाच्या रकान्यात चारही वेळा मी एकच शब्द लिहिला. "नाही."

नवऱ्याचं समजू शकत होते. तो किल्ल्या शोधत दारामागे वीस मिनिटं उभा राहिला, मग माझ्या किल्ल्या घेऊन कामावर गेला. पण आई? आई आरशासमोर थांबल्या, त्यात बघितलं, आरशामागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि गुपचूप स्वयंपाकघरात गेल्या. एक शब्द नाही!

मी निष्कर्ष काढला की बदल फार सौम्य आहेत. मात्रा वाढवायला हवी.

नेमकं तेव्हाच घरात काहीतरी विचित्र सुरू झालं. एका संध्याकाळी घरी आले तर दिवा पुन्हा सोफ्याच्या उजवीकडे! मी जागेवरच थबकले. वही उघडली. वहीत स्वच्छ लिहिलं होतं: 'दिवा डावीकडे.' समोर दिवा उजवीकडे.

मी शास्त्रशुद्ध विचार केला. शक्यता तीन. एक, नवऱ्याने हलवला. त्याला विचारलं, "दिवा तू हलवलास का?"

"कुठला दिवा?"

पहिली शक्यता बाद. दोन, आईंनी हलवला. पण आई एखादी वस्तू हलवतील आणि त्यावर काही बोलणार नाहीत, हे निसर्गनियमांना धरून नाही. त्यांनी मागे एकदा चमच्यांचा खण आवरला होता, तर ते चार मजल्यांना कळलं होतं. दुसरीही बाद. उरली तिसरी: दिवा मी हलवलाच नाही. मनात ठरवलं, वहीत लिहिलं आणि करायचं राहून गेलं!

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत न केलेल्या गोष्टीची नोंद करणं म्हणजे चोरीच. एकवीस वर्षांत मी काय काय न करता लिहिलं असेल? अर्धं शहर माझ्या सहीवर पाणी पितं!

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नमुना तीनदा तपासायला लागले. आमच्या मुख्य बाई टेबलाशी येऊन म्हणाल्या, "काय गं, तब्येत बरी आहे ना? एका बाटलीला अख्खी सकाळ?"

"खात्री करून घेतेय."

"कसली?"

"माझी," मी म्हणाले. त्या जरा मागे सरकल्या.

घरी मात्र दिवा पुन्हा डावीकडे नेला आणि प्रयोग चालूच ठेवला. अर्धवट सोडलेला प्रयोग चुकीच्या प्रयोगापेक्षा वाईट. घड्याळ एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. खिडकीतली कुंडी पुस्तकांच्या कपाटावर चढली. आणि सव्वीस तारखेला मी स्वयंपाकघरात हात घातला.

आमच्याकडे साखर, मीठ, चहा यांचे पत्र्याचे जुने डबे होते, पोचे पडलेले, झाकणं एकमेकांची. त्यांच्या जागी मी एकसारख्या काचेच्या बरण्या मांडल्या. काय देखणी रांग दिसत होती! पुढे चिठ्ठ्या चिकटवल्या तर शोभा जाते, म्हणून मी प्रत्येक बरणीच्या बुडाला नाव लिहिलं. नाव न लिहिता बरणी ठेवणं माझ्या हातून होणं नाही. फक्त ते वाचायला बरणी उलटी करावी लागत होती, इतकंच. आणि कामावर निघून गेले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आज आईचा चहा जरा वेगळा होता."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे, खारट. अर्धा कप झाल्यावर कळलं. मी आईला म्हटलं, आई, चहात मीठ आहे. तर ती काही बोललीच नाही. कप उचलला आणि ओतून दिला."

"काहीच बोलल्या नाहीत?"

"नाही. बरं झालं, नाही? उगाच वाद नको."

मी धावत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पत्र्याचे जुने डबे! साखरेच्या डब्यात साखर, मिठाच्या डब्यात मीठ. काचेच्या बरण्या धुऊनपुसून वरच्या फळीवर, रिकाम्या, जणू दुकानातून आल्यापासून कुणी त्यांना हात लावलेला नाही.

म्हणजे बरण्या मी भरल्याच नव्हत्या का? पण मग खारट चहा कुठून आला? माझं डोकं गरगरायला लागलं. आई दारात उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"तुझ्या त्या प्रयोगशाळेत," त्या हळूच म्हणाल्या, "डोकं तपासतात का?"

"आम्ही फक्त पाणी तपासतो, आई."

"मग राहू दे." आणि त्या निघून गेल्या.

आता इथे कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं आणि विचारलं असतं, काय झालं आई? मी तसं केलं नाही. मला वाटलं, आईंना माझं डोकं तपासून घ्यायचंय! त्यांच्या लक्षात आलंय की सुनेचं काहीतरी बिघडलंय, आणि त्या बिचाऱ्या आडून विचारतायत. मी शरमेने पाणीपाणी झाले.

यावर मी जो उपाय काढला, त्याने परिस्थिती हाताबाहेर गेली. मी प्रयोगशाळेतून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणलं आणि प्रत्येक बदलाच्या ठिकाणी नखाएवढा तुकडा लावला, वर बारीक आकडा. दिव्याच्या दांड्यावर २, आरशाच्या कडेला ३, किल्ल्यांच्या फळीवर ४. बदल आपण खरोखर केला होता, याचा पुरावा!

त्यानंतर वस्तू पुन्हा जागच्या हलल्या नाहीत. मला हायसं वाटलं. पट्टीने डोकं ताळ्यावर आलं, असं मी समजले. आई मात्र गप्प गप्प राहायला लागल्या. जेवताना स्वतःच्या ताटाकडे असं बघायच्या, जणू वाटी आपणच तिथे ठेवली होती की नाही याची खात्री नाही. पोहून येताना भाजी आणणं बंद झालं. मी वहीत लिहिलं, 'घरात शांतता वाढली आहे. बहुधा आरशामुळे उजेड वाढल्याचा परिणाम.'

हे मी खरंच लिहिलंय. वही आजही आहे.

पुढच्या महिन्याच्या बाराला अकरावा बदल झाला, पडद्यांना दोऱ्या. तेराला रविवार. सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. नवऱ्यासमोर रविवार पुरवणीची कच्ची पानं. आईंनी स्कूटरची किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"दहाला चष्मेवाले येतायत," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानातले. स्कूटर बघायला."

"बघायला म्हणजे?" मी विचारलं.

"विकत घ्यायला. बायकोसाठी हवीय त्यांना."

"पण का आई? तुम्ही तर तिच्यावर कुणाला बसूसुद्धा देत नाही!"

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ही त्यांची सवय नव्हे. "ज्या बाईला स्वतःच्या घरात दिवा कुठे होता ते आठवत नाही," त्या म्हणाल्या, "तिने भर रस्त्यात ब्रेक कुठे आहे ते आठवेल या भरवशावर गाडी चालवू नये. कुणी पोर आडवं आलं तर? माझं डोकं गेलंय गं. तू सांभाळून घेतेस, काही बोलत नाहीस, पण मला कळतं. आणि यानेही ओळखलंय."

"मी?" नवऱ्याने मान वर केली.

"ते आकडे तूच चिकटवलेस ना? मी विचारलं तुला. म्हटलं, हे माझ्यासाठी का? तू हं म्हणालास. म्हटलं, माझ्या लक्षात राहावं म्हणून? तू म्हणालास, बरोबर आहे."

नवऱ्याने आठवायचा प्रयत्न केला. "मी पानाला म्हणालो असेन," तो म्हणाला.

माझा घास तोंडातच राहिला. दिवा. डबे. खारट चहा. भिंतीवरून फिरणारा हात. सहा आठवडे मी ज्या रकान्यात 'नाही' लिहीत होते, त्या रकान्यात ही बाई एकटी बसून घाबरत होती!

"आई, ते सगळं मी केलं!"

"काय केलंस?"

"सगळं! अभ्रे, आरसा, घड्याळ. घराला जरा नवेपणा यावा म्हणून. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

आईंनी माझ्या हातावर थोपटलं. "गुणाची आहेस. पण असा खोटा धीर देऊ नकोस. सून म्हणून तू सगळं अंगावर घेशील, मला माहितीय."

"खोटा नाही! दिवा मीच हलवला!"

"आणि परत कुणी ठेवला?"

"ते मला माहीत नाही."

"बघ," आई नवऱ्याला म्हणाल्या, "खोटं बोलताही येत नाही हिला."

"परत मी ठेवला," त्या पुढे म्हणाल्या. "मला वाटलं मीच कधीतरी इकडेतिकडे केलाय. कुणाच्या लक्षात यायच्या आत जागच्या जागी ठेवावं. बरण्याही मीच काढल्या. मग ते आकडे दिसले, आणि म्हटलं, झालं. सगळ्यांना कळलंय."

घड्याळात, म्हणजे नव्या भिंतीवरच्या घड्याळात, नऊ वीस झाले होते. मी वही आणली आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवली. "हे बघा! तारखेनिशी!"

आईंनी पानं उलटली. मग भुवया वर गेल्या. "हे लाल लाल काय आहे?"

मीही वाकून बघितलं. प्रत्येक पानावर लाल शाईच्या खुणा! मी नवऱ्याकडे बघितलं.

"टेबलावर उघडी असायची," तो म्हणाला. "सवयीने तपासली. बऱ्याच चुका होत्या."

"तू ही अख्खी वही वाचलीस?"

"दोनदा."

"मग तुला कळलं नाही मी घरात काय करतेय ते? आईंना सांगावंसं वाटलं नाही?"

"मी मजकूर वाचत नाही गं," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "मी अक्षरं वाचतो!"

आईंनी वही मिटली. अजून त्यांचा विश्वास बसला नव्हता. "आत्ता लिहून काढली असशील. रातोरात. तू काय, रात्रंदिवस लिहीतच असतेस." मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि खुर्ची ओढून ताठ बसल्या. टेलिफोन केंद्रात अशाच बसत असणार. "थांब. मी सांगते, तू वहीत बघ. उशा?"

"तुम्हीच सांगा."

"दोन तारीख. सोमवार. पिवळ्याच्या हिरव्या. मी पोहून आले तेव्हा झालेल्या होत्या."

"बरोबर."

"दिवा सहाला, शुक्रवारी. मी तो सोळाला परत ठेवला. आरसा दहा. किल्ल्या चौदा, शनिवार. याच्या किल्ल्या त्या दिवशी सापडल्या नाहीत."

"बरोबर. बरोबर. बरोबर!"

"घड्याळ सतराला. मंगळवारी."

मी वहीत बघितलं. "अठरा, आई. बुधवार."

त्यांचा चेहरा क्षणात पडला. हात किल्लीकडे गेला. मग थांबला.

"सतरा," त्या म्हणाल्या, जरा मोठ्याने. "मंगळवार. त्या दिवशी इमारतीची टाकी धुतली. दुपारी पाणी नव्हतं. तू अर्धा दिवस रजा टाकून घरी होतीस, आणि मी जिन्यात टाकी धुणाऱ्याशी भांडत होते. वर आले तेव्हा घड्याळ समोरच्या भिंतीवर. मी पायऱ्या चढून आल्यामुळे गरगरतंय असं समजून खाली बसले होते."

मला आठवलं. टाकी! अर्धी रजा! आई जिन्यात भांडत होत्या म्हणून तर मी संधी साधून घड्याळ हलवलं. आणि वहीत लिहिलं दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेतून आल्यावर, त्या दिवसाची तारीख घालून.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "वही चुकलीय."

"मी चुकले नाही?"

"नाही."

"पुन्हा सांग."

"तुम्ही चुकला नाहीत, आई. मी चुकले."

आईंच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. डोळे भरून आले, पण ते एकच क्षण. पुढच्या क्षणाला त्यांना कंठ फुटला, आणि सहा आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं! मी कोण समजते स्वतःला? घर आहे की बाटली? अभ्रे हिरवे आणायचे होते तर चांगले तरी आणायचे, हा काय शेवाळ्याचा रंग! आरशात चपलांचं कपाट दिसतं, दारात शिरलेल्या माणसाला आधी आपल्या घरातल्या चपला दोनदा दाखवायच्या का? बुडाला नाव लिहिलेली बरणी त्यांनी जन्मात बघितली नव्हती! घड्याळ तिथे लावलंय जिथे फक्त कोळ्याला वेळ कळेल!

मी एवढा प्रतिसाद रकान्यात मावेल का, याचा विचार करत होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

चष्मेवाले दहाच्या आधी आले होते. सडपातळ, नीटनेटके, खिशाला दोन चष्मे. त्यांना सोफ्यावर बसवलं. आई आल्या, किल्ली मुठीत घट्ट.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "स्कूटर विकायची नाही."

"अरेच्चा! काल तर तुम्ही नक्की म्हणाला होता."

"काल मला वाटत होतं माझं डोकं बिघडलंय. आज कळलं, सुनेचं बिघडलंय. सून काही स्कूटर चालवत नाही. तेव्हा प्रश्न मिटला."

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. मग सवयीने नजर खोलीभर फिरवली. उशा, दिवा, आरसा, कुंडी, घड्याळ, दोऱ्या बांधलेले पडदे. बाहेरचा निःपक्षपाती माणूस, तोही नजरेच्या व्यवसायातला! याहून चांगला साक्षीदार मिळणं शक्य नव्हतं.

"घर कधी सोडताय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"नाही, म्हणजे सामान जागचं हललेलं दिसतंय. भिंतींवर रिकामे खिळे, पडदे बांधून ठेवलेले, प्रत्येक वस्तूवर आकडे घातलेले. मला वाटलं सामान उचलणारे आज येतायत. म्हणूनच तुम्ही स्कूटर काढताय, असं मी घरी बायकोला सांगितलं."

आई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "चला," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुमची फुकट फेरी झाली. मी तुम्हाला दुकानापर्यंत सोडते." चष्मेवाले "नको नको" म्हणत असतानाच त्यांनी त्यांना दंडाला धरून जिन्याकडे नेलं. मी खिडकीतून बघितलं. निळी स्कूटर फाटकातून सुसाट बाहेर पडली. मागे चष्मेवाले दोन्ही हातांनी खिशातले दोन्ही चष्मे धरून बसले होते.

मी वळले. नवरा खोलीच्या मधोमध उभा होता आणि कधी नव्हे ते एकेका भिंतीकडे नीट बघत होता. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच! मी वाट पाहिली.

"आपण घर सोडतोय?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"बरं." तो पुन्हा पानांपाशी बसला. मग जरा वेळाने म्हणाला, "पण पुढेमागे सोडायचं ठरलं, तर मला सांगून उपयोग नाही. आईला सांग. तिच्या लक्षात राहील."